खालचा थर

कागदाला घडी नव्हती. झालं होतं ते एवढंच, आणि एवढ्यावरून एका धडधाकट बाईची अन्नावरची वासना उडाली असं सांगितलं तर कोणीही म्हणेल, काहीतरी फेकताय. पण मण्यांच्या कामात जन्म गेलेल्या माणसाला विचारावं घडी म्हणजे काय ते. त्या कारखान्यात (कारखाना म्हणायचा आपला; होती ती जिना चढून पुरता दम लागल्यावर येणारी एक लांबलचक खोली, खिडक्या मोठ्या आणि पंखे आळशी) नाटकवाल्यांचे, गाणाऱ्यांचे, नाचणाऱ्यांचे झगे मण्यांनी भरले जात. एकेक मणी, सुईने, हाताने. मणी असे बारीक, की एखादीला शिंक आली तर सकाळची सगळी मेहनत खिडकीतून समोरच्या इमारतीत जायची आणि तिथली माणसं पुढे वर्षभर अंथरुणातून मणी वेचत बसायची. नक्षी आधी कागदावर काढायची. मग कागद मधोमध दुमडायचा, जाड घोंगडीवर ठेवायचा आणि रेषेवरून सुईने भोकं पाडत जायचं. एकदा टोचलं की दोन्ही थरांना भोकं पडतात, आणि घडी उलगडली की डावी बाजू नि उजवी बाजू आरशात बघितल्यासारखी. तो कागद ताणलेल्या कापडावर ठेवून वरून खडूच्या भुकटीची पुरचुंडी थोपटायची. कापडावर पांढरे ठिपके उमटतात, आणि त्या ठिपक्यांवरून बायका मणी टाकत जातात. ही टोचणी करणारे ते मास्तर. सगळा कारखाना त्यांना मास्तर म्हणे, म्हणून त्यांच्या बायकोला सगळा कारखाना वहिनी म्हणे. वयाने तिच्या आई शोभल्या असत्या त्या मालकीणबाईसुद्धा. मास्तरांनी दुमडायचं, टोचायचं आणि वहिनीने भरायचं, हे इतकी वर्षं चाललं होतं की त्यात कोणी कोणाला काही विचारायचं असतं हेच दोघं विसरून गेली होती. आणि त्या सकाळी वहिनीने टेबलावरचा कागद उचलून खिडकीकडे धरला, तर मधोमध घडीच नाही. दोन्ही बाजू वेगवेगळ्या टोचलेल्या. उजव्या बाजूला, जी तिची, भोकं नेहमीसारखी विरळ, इथे एक, तिथे एक, मधलं तुझं तू बघ अशी. आणि डाव्या बाजूला भोकं अशी दाट, की त्यातून येणारा उजेड मुंग्यांच्या रांगेसारखा तिच्या मनगटावर चालत गेला. डावी बाजू नवीची होती.

नवीला येऊन पुष्कळ महिने झाले होते, पण तिच्यानंतर कोणी आलं नव्हतं म्हणून ती नवीच राहिली. उंच, मोकळी, हसताना सगळ्या हिरड्या दाखवणारी, आणि शेजारी कात्री असताना दोरा दातांनी तोडणारी. शिकून आलेली नव्हतीच. तिला घेतलं ते एकाच गुणावर, ती डावखुरी होती. मणी शिवणाऱ्या बाईचा हात ज्या बाजूचा, त्या बाजूला मणी किंचित कलतो. बघणाऱ्याला कळत नाही, पण दिव्याखाली सगळं कापड एकाच वाऱ्याने झुकलेल्या गवतासारखं दिसतं. वहिनी आजवर दोन्ही बाजू एकटी भरायची, आणि मालकीणबाई दरवेळी झगा टांगून, लांब जाऊन, मान वाकडी करून म्हणायच्या, "काम तुमचं झक्कास हो वहिनी. पण हा डावा खांदा उजव्याकडे पाठ करून बसलाय बघा. रुसल्यासारखा." वहिनी हसायची. खांद्याला काय रुसायला जातंय. मग नवी आली, तिने डावी बाजू भरली, उलट्या हाताने, उलट्या कलाने, ओबडधोबड का असेना, आणि मालकीणबाई लांबून बघून टाळी वाजवून म्हणाल्या, "आता कसं!" तेही वहिनीने पचवलं असतं. पण मास्तर तिथेच उभे होते. हे मास्तर असे, की घरात आग लागली तर "जरा गरम होतंय" म्हणायलासुद्धा दोनदा विचार करतील. ते म्हणाले, "आता दोन्ही बाजू एकमेकींकडे बघतात." केवढं मोठं वाक्य! लग्न ठरलं तेव्हासुद्धा इतकं मोठं वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. वहिनीने ते वाक्य घरी नेलं, भांडी घासताना घासलं, केस विंचरताना विंचरलं, आणि त्यातला एकेक शब्द सुटा करून बघितला की यात मी कुठे आहे.

चौकटीवर कापड नगाऱ्यासारखं ताणलेलं असे. गडद निळं, एका गाणाऱ्या बाईच्या पायघोळ झग्याचं. अलीकडे वहिनी, पलीकडे नवी, समोरासमोर, गुडघे एकमेकींना लागतील इतक्या जवळ. एक हात कापडाच्या वर, एक खाली. वरचा हात सगळ्यांना दिसतो. तो मणी उचलतो, तोरा मिरवतो; खालचा अंधारात बसून आलेली सुई झेलतो आणि परत पाठवतो, त्याला कोणी विचारत नाही. कधीकधी खाली दोघींचे हात एकमेकींना घासत. नवीचा हात गार आणि किंचित ओलसर, पाण्यातून काढलेल्या काकडीसारखा. आणि त्या सकाळपासून तो लागला की वहिनीच्या अंगावर काटा यायला लागला. ती समोरच्या बाजूचे ठिपके बघत होती. दाट. जपून घातलेले. प्रत्येक ठिपक्याला एकदा सुई टेकवायची, दाबायची, उचलायची. म्हणजे या माणसाने या बाईसाठी किती वेळा मान खाली घातली असेल? आणि कधी? तिला आठवलं. परवा संध्याकाळी घरीच तर बसले होते, घोंगडी पसरून, पाठीची कमान केलेली, आणि आपणच म्हणालो होतो, किती वाकताय, आणि आपणच आतून उशी आणून त्यांच्या पाठीशी दिली होती. आपल्या हाताने. आपली उशी. वहिनीने मणी टाकला तो असा, की सुई कापडाच्या आरपार जाऊन तिच्याच तर्जनीत बसली. आणि मग नको ते जुनंच आठवायला लागलं. लग्नाच्या आसपासचे दिवस. तेव्हा मास्तर तिच्या कापडावर नक्षीच्या बाहेर, कुठेतरी कोपऱ्यात, एक जास्तीचा ठिपका टाकायचे. कशाचाच नसलेला. ना पानाचा, ना वेलीचा. ती तो शोधून काढायची आणि त्यावर एक मणी टाकायची, बस. मालकीणबाई चष्मा पुसून विचारायच्या, "हा एकटाच कुठे निघालाय?" आणि खोलीच्या दोन टोकांना दोन माणसं खाली बघून लाल व्हायची. ते कधी थांबलं? त्यांनी ठिपका टाकायचं आधी थांबवलं, की तिने शोधायचं? हे तिला काही केल्या आठवेना, आणि ते आठवेना याचाच राग तिला समोरच्या हिरड्यांवर यायला लागला.

नवी पाणी प्यायला उठली आणि वहिनी चौकटीवर ओणवी झाली. ती काय शोधतेय ते तिने स्वतःलाही सांगितलं नाही. डाव्या बाजूच्या पानांमधून, देठांमधून तिची नजर टाचणीसारखी फिरली, आणि खालच्या पाकळीपासून चांगलं वीतभर लांब, मोकळ्या निळ्यावर, एक पांढरा ठिपका. एकटा. कशाचाच नसलेला. वहिनीच्या कानात पंख्यांचा आवाज बंद झाला. तिने नाक कापडाला लागेपर्यंत वाकून बघितलं, बोट ओलं करून पुसलं, पुसला जाईना. म्हणजे खडूचा नव्हे, कायमचा. तेवढ्या वेळात तिने मनातल्या मनात घर सोडलं, भावाच्या दारात ट्रंक टेकवली, भावजयीचे तीन टोमणे ऐकून घेतले आणि मास्तर न्यायला आले तेव्हा दार उघडायचं की नाही इथपर्यंत ती येऊन पोचली होती, एवढ्यात नखाखाली तो ठिपका टचकन सुटून आला. छताच्या चुन्याचा कण. वर बघितलं तर पोपडा सुटलेला.

"काय हो वहिनी, वास घेताय?" पाठीमागे नवी, ओठ ओले.

"हो. तुझ्या कामाला वास येतोय का बघते."

"आला का?"

"अजून नाही. येईल."

नवी खदखदून हसली. तिला टोमणा लागतच नसे, हा तिचा आणखी एक गुन्हा. तिला सगळंच गमतीचं वाटायचं, आणि जिथे अडेल तिथे ती सरळ हाका मारायची, "मास्तर, हे पान वेलीच्या पोटाशी घेऊ की पाठीशी?" आणि मास्तर यायचे. घोंगडीवरून उठून, गुडघ्यावर हात ठेवून, यायचे. वहिनीने कधी हाक मारली नव्हती. अडतच नव्हतं, तर मारणार कशाला? पण हाक न मारणाऱ्या बाईकडे माणूस उठून येत नाही हे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या ध्यानात आलं, आणि एखाद्या घरात राहून राहून त्यातली एक खोली आपण पाहिलीच नाही असं कळावं तसं तिला झालं.

संध्याकाळी जेवताना तिने ताटात बघत विचारलं, "या वेळी कागद दुमडला नाहीत."

"हं."

"दोनदा टोचलात."

"हं."

"का पण?"

मास्तरांनी घास गिळला, पाणी प्यायलं, ग्लास होता तिथेच ठेवला. "दुमडला की खालचा थर पुसट येतो. वरच्या थरात सुई जोरात शिरते, खालच्यात पोचेपर्यंत भोक अर्धवट पडतं. तिला नाही दिसत ते. वेगळंच टोचावं लागतं."

"आणि इतकी वर्षं तो खालचा थर कोण भरत होतं?"

"तू."

"मला दिसत होतं?"

"तुला चालतं," मास्तर म्हणाले, आणि इतक्या सहज म्हणाले, की त्यांनी पुढचा घाससुद्धा तेवढ्यातच घेतला.

तुला चालतं. वहिनीने ताट उचललं, धुतलं, पालथं घातलं. कान तुटलेला कप तिला चालतो. भिंतीकडची बाजू तिला चालते. तिच्या वाढदिवसाला पाऊण दिवस लोटल्यावर "अरे, आज का?" हेही तिला चालतं. कोणी ठरवलं? कधी कुठल्या कचेरीत जाऊन ती अंगठा देऊन आली होती, की मला चालतं म्हणून? आणि सगळ्यात वाईट म्हणजे खरंच चाललं होतं. ते पुसट ठिपके तिने कधी तक्रार न करता, डोळ्यांनी नाही तर बोटांनी, अंदाजाने, त्या माणसाचा हात कुठे वळतो हे पाठ असल्यामुळे भरले होते. तिला वाटायचं, हे त्यालाही माहीत आहे. हा दोघांमधलाच काहीतरी गुपचूप सौदा आहे. आणि निघालं काय, तर तुला चालतं. भिंतीकडे तोंड करून पडल्या पडल्या तिने ठरवलं, की आता चालणार नाही. चुकायचं. ठिपके दिसत नाहीत म्हणून चुकायचं, भरदिवसा, सगळ्यांसमोर. मग बघू कोणासाठी कोण वाकतंय ते.

पण चूक करणं हे किती कष्टाचं काम आहे ते आळशी माणसाला कळायचं नाही. खांद्याकडे जाणाऱ्या वेलीवर तिने पान उलटं वळवायचं म्हणून सुई घातली, आणि हात आपला सुलटा गेला. तिने पुन्हा मनाशी दटावून सांगितलं, बाहेर, बाहेर वळ. हाताने चार मणी बाहेर टाकले आणि पाचव्याला गुमान आत आला, घाण्याच्या बैलासारखा. शेवटी तिने बरोबर आलेलं पान चोरासारखं उसवलं, नजर दुसरीकडे ठेवून भरलं, आणि एवढं करूनही ते वाकडं पान असं सुबक आलं की तिला पुन्हा उसवून ते नीट वाईट करावं लागलं. एक पान चुकवायला सगळी दुपार गेली. मालकीणबाई फिरत फिरत आल्या, थांबल्या, चष्मा कपाळावरून नाकावर आणला. वहिनी तयारच होती. त्या ओरडतील, ती म्हणेल, ठिपकेच नाहीत तर मी काय करू. पण मालकीणबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी वहिनीच्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज मऊ करून म्हणाल्या, "बरं वाटत नाही का तुम्हाला?" मग जाता जाता, "गळ्याचं बघू या मग. दोघी मिळून करा. जिचं उतरेल चांगलं, पुढचे गळे तिचे." गळा! झग्याचा गळा, जिथे दिव्याचा झोत पडतो, जिथे बघून लोक श्वास धरतात, तो आजवर वहिनीशिवाय कोणी भरला नव्हता. आणि मास्तर? मास्तर आले. उठून, गुडघ्यावर हात ठेवून आले. त्यांनी ते वाकडं पान बघितलं, मग तिच्याकडे बघितलं. वहिनी श्वास रोखून बसली. आता ओळखतील. जन्म गेला हा हात बघण्यात; हा हात असा चुकत नसतो, चुकला तर मुद्दाम चुकलाय, रागावलाय, एवढं नाही कळणार? मास्तरांच्या डोळ्यांत काय होतं ते तिला आधी उमगेचना, आणि उमगलं तेव्हा तिला वाटलं यापेक्षा ते नवीचा हात धरून पळून गेले असते तर बरं. ती कीव होती.

त्या दिवसापासून मास्तर तिच्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागले, चूक डोळ्यांची झाली म्हणून जणू कानांनाही धीर द्यायला हवा. जिन्यात पिशवी काढून घ्यायला लागले. दिवा तिच्या बाजूला सरकवायला लागले. "दिसतंय ना?" म्हणून विचारायला लागले. मागितलं होतं ते सगळं मिळालं, ताटात वाढून मिळालं, आणि त्याला आजारी माणसाच्या जेवणाची चव होती. आणि मग गळ्याचा कागद आला. घडी नसलेला. वहिनीने खिडकीकडे धरला. तिच्या बाजूला भोकं दाट, मुंग्याच मुंग्या, पाय ठेवायला जागा नाही. आणि नवीच्या बाजूला विरळ, फक्त वळणावळणांवर एकेक. इथे एक, तिथे एक. "तुला आता वळणं पुरेत," मास्तर नवीला म्हणत होते, "मधलं तुझं तू बघशील." त्यांच्या आवाजात एक साधा, न मिरवणारा विश्वास होता, आणि वहिनीला तो आवाज ओळखीचा वाटला. तो आवाज तिचा होता. पूर्वी तिच्याशी ते असंच बोलायचे. बोलायचे नाहीत, पण टोचायचे असंच. म्हणजे ते विरळ ठिपके हा मान होता? घरात, अंगावर, रोज वापरलेला, म्हणून न कळलेला? आणि आपण तो ओतून दिला आणि मुंग्या मागून घेतल्या? काही असो, आता तो मान समोर बसला होता, दातांनी दोरा तोडत. वहिनीने चौकटीची कड घट्ट धरली.

गळा अर्धामुर्धा झाला असेल तेव्हा नवीचं हसणं बंद झालं. वहिनीने आधी लक्ष दिलं नाही. मग बघितलं तर नवीची सुई एका वळणावर उभी होती आणि पुढच्या ठिपक्यापर्यंत नुसतं निळं रान. नवीने मास्तरांच्या बाजूला बघितलं आणि ओठ न हलवता म्हटलं, "वहिनी, मला काही सुचेना."

"हाक मार की मास्तरांना."

"नको हो. त्यांना वाटतंय मला येतं आता." तिचा आवाज अगदी लहान झाला होता. "माझ्याबद्दल असं कोणाला कधी वाटलेलं नाही. तुम्हाला नाही कळायचं."

वहिनीला इतकं कळलं की तिच्या डोळ्यांपुढे मणी पोहायला लागले. काही करायचं नव्हतं तिला. नुसतं गप्प बसायचं होतं. नवीने चुकायचं, मालकीणबाईंनी चष्मा उतरवायचा, गळे परत घरी यायचे. ती गप्प बसली. नवीने देव आठवून सुई घातली. ती चुकीच्या जागी निघणार हे वहिनीला सुई खाली उतरतानाच कळलं, आणि त्याच क्षणी तिच्या डोक्यात एक वेगळाच किडा वळवळला. बघावं तर खरं, मास्तर हा हात ओळखतात का. कापडाखाली तिने हात लांब केला, नवीच्या गार बोटांतून सुई काढून घेतली आणि खालून, अंधारातून, जिथे यायला हवी बरोबर तिथे वर पाठवली. नवीच्या भुवया उडाल्या. वहिनी आपल्या मुंग्यांकडे बघत वरच्या हाताने मणी चाळवत राहिली. नवीने गुपचूप मणी ओवला, सुई खाली सोडली; वहिनीने झेलली, वर पाठवली. मणी कलत होता नवीच्या डाव्या हाताने, पण वाट होती वहिनीची. ठिपका असो नसो, वेल पोट काढून वळली, पान लाजल्यासारखं मिटलं, पुढचं उमललं. वहिनीला स्वतःच्या बाजूवर इतका आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता. ती घामाने भिजली.

मास्तर आले. त्यांना कोणी हाक मारली नव्हती; तरी आले. नवीच्या मागे उभे राहिले आणि बघत राहिले. वहिनीने मान न उचलता पापण्यांच्या खालून त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला, ओठ किंचित उघडे राहिले, आणि नजर त्या वेलीबरोबर चालायला लागली, थांबायला लागली, वळणावर तिच्याही आधी वळायला लागली. ही नजर. या नजरेने हा माणूस माझ्या कामाकडे बघायचा? असा? मी तर तेव्हा खाली मान घालून भरत असायचे, मला कधी दिसलीच नाही ती. जन्मभर तिच्या डोक्यावरून गेलेली ती गोष्ट आज तिला समोरून दिसत होती, दुसऱ्या बाईच्या डोक्यावर उभी, आणि वहिनीला जो हेवा वाटला तो नवीचा की स्वतःचाच, हे ठरवायला तिला वेळ मिळाला नाही, कारण मास्तर बोलले.

"अशी वाट मी एकाच हाताची बघितली होती," ते नवीला म्हणाले. "आता राहिलं नाही ते. पण तुला आलंय." मग वहिनीकडे वळून, मोठ्याने, सावकाश, "तुझं कसं चाललंय? दिसतंय ना?"

"सगळं दिसतंय," वहिनी म्हणाली.

कापडाखाली नवीने उपकाराने तिचा हात गच्च दाबला. गार, ओला, काकडीसारखा. वहिनीच्या बोटांत सुई होती. तिने ती नवीच्या तळहातात टोचली. फार नाही, डोळ्यांत पाणी येईल इतकीच. नवी हसतच राहिली, सगळ्या हिरड्या दाखवत. मास्तर पुढ्यात उभे असताना ओरडणार कशी? मग वहिनीने सुई वर पाठवली, निघायला हवी होती अगदी तिथेच.